सिनेमातला कोणता रोबोट तुमच्या मनातून अजून गेला नाई?

पऱ्हाटी_वावर

राम राम मंडळी. घाटंजीकडल्या एका खेड्यातून लिहून राह्यलो. हा विषय इथं चालते का नाई माहीत नाई पण तीन दिवसापासून डोक्यातून जाऊन नाई राह्यला म्हणून टाकतो.

परवा रात्री लाईन गेली, घरात उकडून राह्यलं होतं म्हणून सारे स्लॅपवर अंथरुणं टाकून पडलो, अन पोरीनं हट्ट धरला का मोबाईलवर पिक्चर दाखव. तिच्या मामानं भरून देलेल्या पिक्चरांत वॉल-ई सापडला, 2008 चा, पिक्सारचा. म्हटलं इंग्रजीतला हाय, पाच मिनिटात झोपून जाईन पोट्टी. तं झोपलीच नाई. कारण त्यात सुरुवातीले गंज वेळ कोणी बोलतच नाई. माणसं पृथ्वीवर कचरा करून पळून गेली, 700 वर्षं झाली, अन एक गंजलेला डब्बा एकटाच कचरा पोटात दाबून दाबून ठोकळे करून राह्यला अन माडीसारखे रचून राह्यला. त्याले एक मखमली डबी सापडते, आत हिऱ्याची आंगठी. आंगठी फेकून देते अन डबी ठेवते, कारण डबीचं झाकण उघडझाप होते. मले हासू आलं. पोरगी नाई हासली. तिच्यापाशीही एक डबी हाय, तिच्या आजीच्या नथीची, नथ बियाण्यापायी केव्हाचीच मोडली, डबी हिच्या कंपासपेटीत राह्यते.

शेवटी त्याची आठवण पुसल्या जाते अन थो आपणच जपून ठेवलेल्या वस्तू पोटात टाकून चिरडाले लागते, तवा पोरगी उठून बसली अन माह्या मनगटाले धरून म्हणे, बाबा, थो तिले इसरला का? तिले म्हणजे ईव्हले, ती पांढरी रोबोट. पुढं काय होते थे सांगत नाई, पाह्यलं नसन तं पाहा.

सकाळी भंगारवाला आला. आमचा जुना रेडू द्याचा ठरला होता, दोन वर्षापासून मुका हाय. पोरगी रेडू मांडीवर घेऊन ओसरीत बसली अन देलाच नाई.

माह्यासाठी म्हणाल तं चिट्टी. 2010 चा रजनीकांतचा, तमिळमंधी एंधिरन, आपल्याकडं हिंदीतून रोबोट नावानं आला. पुढच्या साली आमच्या गावात दुर्गादेवीत पडद्यावर दाखवला होता, बाबा अन मी पोत्यावर बसून पाह्यला. बाबा तवा सालगडी होते. शेवटी कोर्टाचा हुकूम होते का याले मोडून टाका, अन चिट्टी सोताच सोताचा एकेक भाग काढून ठेवते, बोलत बोलत. गाड्यांची मारामारी चालू होती तवा सारं मैदान ओरडून राह्यलं होतं, थे एकदम गप्प झालं. घरी येताना बाबांनी विचारलं, त्याची चूक काय होती? त्याच्यात नासधुशीची चिप तं दुसऱ्यानं टाकली. मी अकरावीत होतो, मले उत्तर आलं नाई. आजही येत नाई.

तं मंडळी तुमच्या मनात कोणता रोबोट बसला अन काहून बसला थे लिहा. कोणता भारी, कोणाची ताकद जास्त, थे नको. त्यानं तुमचं काय केलं थे सांगा.


जिनिंगचा_फिटर

भाऊ वाचून बरं वाटलं, हे मी कोणाले सांगतलं नाई कधी.

टर्मिनेटर 2. 1991 चा हाय पण आमच्याकडं पोहचेपर्यंत मी सातवीत गेलो होतो. तवा व्हीसीआर भाड्यानं आणत, एका रात्रीत चार पिक्चर, टीव्ही बंडीवर ठेवून. हिंदीतून नव्हता, काय बोलून राह्यले कोणालेच समजत नव्हतं, पण समजाचं थे समजलं. त्यात दोन हायेत, एक अर्नॉल्ड अन दुसरा पोलिसाच्या ड्रेसमधला, पाऱ्यासारखा. थो गजांमधून पार निघून जाते. त्याच्या आधी घरी थर्मामीटर फुटलं होतं अन मायनं पारा कागदावर गोळा केला होता, थो कसा तुकडे होऊन पुन्हा एक होते थे पाह्यलं होतं म्या. त्यामुळं मले थो माणूस खराच वाटला. महिनाभर रात्री मोरीत एकटा गेलो नाई. मोठा झाल्यावर वाचलं का गजांमधून जातानाचा थो चिकट आवाज कुत्र्याच्या खाद्याचा डब्बा उपडा करून काढला होता, तरी भीती काही कमी झाली नाई.

पण मनात बसला थो अर्नॉल्डचा शेवट. त्याले सोताले संपवता येत नाई, तसं त्याच्यात बसवलेलंच नाई. म्हणून ज्या पोराले थो वाचवाले आला त्याच्या मायले बटण दाबा लागते, अन थो साखळीले धरून वितळलेल्या लोखंडात खाली खाली जाते. सुरुवातीले थी बाई त्याच्यावर विश्वास ठेवत नाई, अन शेवटचं बटण तिच्याच हातात. शेवटी फक्त हात वर राह्यते अन आंगठा.

मी आता जिनिंगमंधी फिटर हावो. सीझनच्या आधी मोटर खाली घ्या लागते, चेनपुलीवर. बटण माह्या हातात राह्यते. मोटर हळूहळू उतरते, साखळीचा कटकट आवाज होते, अन दरसाली थो आंगठा आठवते. मोटर खाली टेकली का मी एकदा हात ठेवतो तिच्यावर. पोरं म्हणतात नमस्कार करून राह्यले काका. म्हणतात तं म्हणू दे.

रेडू भंगारात देऊ नको. सेल बसतात तिथले पत्ते गंजले असन, सँडपेपर मार अन पाह्य.


मेळघाट_ताई

मी आशा म्हणून काम करते, धारणीकडे. मला इथे लिहायला जरा संकोच वाटतो पण प्रश्न चांगला आहे दादा.

माझा बेमॅक्स. बिग हिरो 6, 2014 चा. माझ्या मुलाने दाखवला. पांढरा फुगा आहे तो, चेहरा म्हणजे दोन काळे ठिपके आणि मधे एक रेघ, बस. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात खरोखरच हवा भरलेले मऊ रोबोट बनवत होते, पेशंटला हात लावताना लागू नये म्हणून, ते बघून सिनेमावाल्यांना तो सुचला. तो कोणी कण्हलं की डब्यातून बाहेर येतो आणि विचारतो, एक ते दहामध्ये तुमचं दुखणं किती. आणि तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत की माझी सेवा नीट झाली, मी समाधानी आहे, तोपर्यंत तो बंद होत नाही.

हे ऐकलं आणि मी मुलाला म्हटलं थांबव जरा. कारण मी किती घरी जाते, रजिस्टरमध्ये ताप लिहिते, वजन लिहिते, गोळ्या देते, पण दुखणं किती हे विचारायचा कॉलमच नाही. दुसऱ्याच आठवड्यात एका म्हातारीकडे गेले होते, कोरकू आहे, माझं कोरकू मोडकंतोडकं. तिला आकडे सांगून काय कळणार, म्हणून मी जमिनीवर दहा महुआची फुलं मांडली आणि खुणेने विचारलं, किती. तिने बराच वेळ बघितलं आणि दहाही फुलं गोळा करून माझ्या ओंजळीत दिली. मला वाटलं होतं गुडघ्याचं विचारतेय मी. ती मुलाचं सांगत होती, कामाला बाहेर गेलेला, वर्षभर आला नाही. मी त्या दिवशी पुढच्या घरी उशिरा गेले.

तेव्हापासून मी विचारते. सगळ्यांना. फुलांचा हंगाम नसला तर खडे.

सिनेमात तो मुलगा बेमॅक्सला मारामारीचं चिलखत घालतो, मला तो भाग फारसा आवडला नाही, माझ्या मुलाला तोच आवडला.


कास्तकार_जुना

सगळ्यांचं वाचलं. माझं थोडं वेगळं हाय, रागावू नका.

मले या डब्ब्यांवर जीव लावणं जमत नाई. आमच्याकडं सोयाबीन काढाले हार्वेस्टर येते. रातभर लाईट लावून फिरते वावरात अन सकाळपर्यंत वावर साफ. ज्या बाया माह्या वावरात वीस वर्षं सोंगणीले येत होत्या त्या धुऱ्यावर उभ्या राहून पाहत होत्या. मी काय करू, पाऊस येऊन राह्यला होता, शेंगा फुटत होत्या, मजूर मिळून नव्हते राह्यले अन जे होते त्याईच्यानं पुरत नव्हतं. मी हार्वेस्टर लावला. चूक केली असं नाई म्हणत, पण त्या बायांचे चेहरे मले दिसतात, हार्वेस्टरचं तोंड नाई आठवत.

म्हणून वॉल-ई मंधी मले थो कचऱ्यावाला नाई आठवत. थे जहाजाचं स्टेअरिंग आठवते, ऑटो, गोल चक्र अन मधात लाल डोया. माणसं खुर्चीवर पडून पडून फुगली, उभं राहता येत नाई, अन ऑटो सारं चालवते. त्याले 700 वर्षाआधी हुकूम झाला होता का पृथ्वीवर परत नेऊ नको. इकडं पृथ्वीवर रोपटं उगवलं, पुरावा समोर हाय, कॅप्टन सांगून राह्यला चल घरी, तरी थो म्हणते हुकूम म्हणजे हुकूम. त्याच्यात वाईटपणा काहीच नाई. थेच भेव वाटाचं कारण हाय. कचऱ्यावाला पण हुकूमच पाळून राह्यला होता ना इतके वर्षं, पण त्यानं कचऱ्यात रोपटं पाह्यलं तं चिरडलं नाई, जुन्या बुटात लावून ठेवलं. दोघांत फरक असन तं तेवढाच हाय.


झाडीचा_नट

नमस्कार जी. मी वडसाकडचा, झाडीपट्टीच्या नाटकात काम करतो, दिवाळी झाली की होळीपर्यंत रोज रात्री वेगळं गाव.

तुम्ही सगळे रोबोटबद्दल बोलत आहात, मला आतला माणूस दिसतो. स्टार वॉर्स 1977 चा, त्यात तो छोटा ड्रम आहे ना निळा पांढरा, आर-टू डी-टू, त्याच्या आत केनी बेकर नावाचा कलावंत बसायचा, उंची जेमतेम पावणेचार फूट. आणि सोनेरी रंगाचा थ्रीपीओ म्हणजे अँथनी डॅनियल्स, त्या पत्र्यासारख्या ड्रेसमध्ये धड बसताही येत नव्हतं त्याला. शूटिंग ट्युनिशियाच्या वाळवंटात. आम्ही एकदा पुठ्ठ्याचा आणि ऑइल पेंटचा राक्षस केला होता, मी आत होतो, फेब्रुवारीची थंडी असून तीन तासात अंग सोलून निघालं, तर त्या माणसाचं काय झालं असेल.

त्याच्याही मागे गेलं तर मेट्रोपोलिस, जर्मन सिनेमा, 1927, फ्रिट्झ लँगचा. त्यातली धातूची बाई आजही बघितली तरी अंगावर काटा येतो जी. आत ब्रिगिटे हेल्म होती, विशीच्या आसपासची पोरगी, पहिलाच मोठा रोल. चेहरा झाकलेला, तोंड हलत नाही, डोळे दिसत नाहीत, काही म्हणजे काही साधन नाही तिच्याजवळ. ती खुर्चीतून उठते आणि दोन पावलं टाकते फक्त. मी ती पावलं मोबाईलवर कितीदा बघितली असतील. पाय उचलायच्या आधी खांदा किंचित थांबतो. तेवढ्यानेच समजते की ही माणूस नाही पण हिच्यात काहीतरी जागं झालं आहे. आमच्या दंडारीतला म्हातारा गुरू हेच सांगायचा, मुखवटा घातला की मान बोलते.

वॉल-ई मध्ये आत कोणी नाही, सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, पण त्याचे डोळे दुर्बिणीचे आहेत बघा. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन बेसबॉलची मॅच बघत होता, हातात दुर्बीण होती, ती मधून वाकवली की कधी उदास दिसते कधी खुश, मॅच सोडून तो तेच करत बसला. आणि वॉल-ईचा आवाज आणि त्या आर-टूचा आवाज एकाच माणसाने केला आहे, बेन बर्ट, मधे 30 वर्षांचं अंतर. शब्द नाहीत, नुसता चढउतार. म्हणून तुमच्या पोरीला इंग्रजी लागली नाही दादा.


बीएस्सी_दुसरं_वर्ष

आयर्न जायंट!! 1999 चा ॲनिमेशन, ब्रॅड बर्डचा. तेव्हा थेटरात चालला नव्हता म्हणे, मी यूट्यूबवर त्याची क्लिप बघितली मग पूर्ण शोधला.

आकाशातून पडलेला डोंगराएवढा रोबोट अन एक लहान पोरगा, 1957 साल, अमेरिकेतलं गाव. त्यात एक सीन आहे, जंगलात हरीण येतं, रोबोट वाकून बघतो, हरीण पळून जातं अन मग गोळीचा आवाज, शिकारी असतात. तो मेलेल्या हरणाला बोटाने हलवून बघतो, ते उठत नाही, त्याला कळतच नाही काय झालं. मागच्या डिसेंबरात आमच्या हरभऱ्याजवळ कुंपणाच्या करंटच्या तारेला रोही (नीलगाय) चिकटून मेली होती (तार कोणाची ते नाही सांगत), मी सकाळी पाणी द्यायला गेलो तर तिचं लहान पिल्लू तिला नाकाने ढकलत होतं, सारखं सारखं. मी तिथेच बसलो. मला त्या रोबोटचं बोटच आठवलं, आधी सीन बघितला होता म्हणून आठवलं का पिल्लू बघून सीन खरा वाटला ते मला सांगता येत नाही. लाईनमनला फोन केला, तार काढायला लावली, भांडण झालं गावात, होऊ दे.

तो रोबोट मुळात शस्त्र म्हणून बनवलेला असतो. बंदूक बघितली की त्याचे डोळे लाल होतात, आपोआप, त्याच्या हातात नसतं. अन तरी शेवटी तो ठरवतो की मी बंदूक होणार नाही. याच्यापुढे मला आयर्न मॅन बियर्न मॅन काही वाटत नाही.


निवृत्त_मास्तर

चर्चा छान चालली आहे, थोडी भर घालतो.

रोबोट हा शब्द इंग्रजी नाही. कारेल चापेक नावाचा चेक लेखक, त्याने 1920 मध्ये आर.यू.आर. नावाचं नाटक लिहिलं, 1921 मध्ये प्रागला त्याचा प्रयोग झाला. त्यात कारखान्यात बनवलेले कामगार आहेत, त्यांना काय म्हणावं हे सुचेना तेव्हा त्याचा भाऊ योसेफ, जो चित्रकार होता, त्याने रोबोट शब्द सुचवला. चेक भाषेत रोबोटा म्हणजे जमीनदाराकडे फुकट राबणं. आपला वेठबिगार. त्या नाटकातले रोबोट पत्र्याचे नाहीतच, माणसासारखेच दिसतात, सगळी कामं त्यांच्यावर टाकलेली आणि शेवटी ते उठाव करतात. पत्र्याचा अवतार नंतरच्या सिनेमांनी दिला. नटभाऊ, तुमच्याकडे कोणी हे नाटक करायला घेतलं तर मला कळवा, मी वडशाला येईन.

कास्तकारभाऊंचा मुद्दा मला पटतो, त्या धुऱ्यावरच्या बाया या नाटकातल्याच आहेत. पण जीव लावू नये हे नाही पटत. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडाचा नंदी ओढत घरोघरी जातात, आणि आपण त्या लाकडाला कुंकू लावतो, पोराच्या हातावर बोजारा म्हणजे खाऊ-पैसे ठेवतो. मी 31 वर्षं शाळेत होतो, एका पोराच्या नंदीचं चाक निखळलं तर ते पोर नंदी कडेवर घेऊन लंगडत चाललेलं मी पाहिलं आहे. स्वतः लंगडत. पाय त्याचा धड होता. जे पोर लाकडाच्या बैलासाठी लंगडतं ते पुढे खऱ्या बैलाला तुतारी (हाकायची टोचणी) जपून मारतं असा माझा अनुभव आहे.

आणि चिट्टीबद्दल. सगळ्यांना शेवटची मारामारी लक्षात राहते. मला त्याआधीचा प्रसंग लक्षात आहे. इमारतीला आग लागते, चिट्टी माणसं वाचवतो, एक मुलगी आंघोळ करत असते, तिला तशीच उचलून सगळ्यांसमोर कॅमेऱ्यापुढे आणून ठेवतो. त्याच्या हिशेबी जीव वाचला म्हणजे काम झालं. ती पोर लाजेने पळत सुटते आणि गाडीखाली जाते. चिट्टीला कळत नाही काय चुकलं. मला त्या दिवशी सिनेमाचा नाही, स्वतःच्या नोकरीचा विचार आला. वर्गात नापास झालेल्यांची नावं मी मोठ्याने वाचायचो. नियमच होता तसा. एका मुलीने त्यानंतर शाळा सोडली, पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. पुढच्या वर्षीपासून मी यादी वाचणं बंद केलं.


पऱ्हाटी_वावर

सगळ्यांचे आभार. ताई, फुलांचं मी घरी वाचून दाखवलं तं बायको स्वयंपाक सोडून येऊन बसली. कास्तकार काका, तुमचं पटलं, ऑटोकडं माह्यं लक्षच नव्हतं गेलं, पोरीले विचारलं तं तिले तो बरोबर आठवत होता, म्हणे त्याले कोणी थांब म्हटलंच नाई.

मास्तर, तुमचं लिहिलेलं बाबाले वाचून दाखवलं. थे ओसरीत आंबाडीचा दोर वळून राह्यले होते. वेठबिगार म्हटल्यावर हात थांबला. म्हणे, म्हणजे सालगडीच म्हण ना. म्हटलं हो, तसंच. मंग जरा वेळानं म्हणे, आपलं साल तं पाडव्याले सुटत होतं, पटलं नाई तं दुसरा मालक. त्या चिट्टीले पाडवा होता का? म्हटलं नाई बाबा, पिक्चरात पुढं 2030 साली म्युझियममंधी ठेवलेला दाखवला त्याले, शाळेची पोरगी विचारते तुले काहून मोडलं, तं सांगते का मी विचार कराले लागलो होतो. बाबा म्हणे थे मले तवा दिसलंच नाई, मी उठून गेलो होतो. म्हणजे तवा पुरा पिक्चर पाह्यलाच नव्हता त्याईनं, अन मले इतके वर्षं माहीत नाई. आता रविवारी लावतो म्हटलं, पोरगी पण बसन.

फिटर भाऊ, पत्ते घासले, सेल नवे टाकले, रेडूतून खरखर येऊन राह्यली पण स्टेशन लागत नाई. आत एक बारीक तांब्याची वायर सुटलेली दिसते, काड्यापेटीतल्या काडीएवढ्या काळ्या दांडीले गुंडाळलेली होती थी. पोरगी म्हणते तुम्हालेच विचारा. कुठं जोडाची?


जिनिंगचा_फिटर

काडीएवढी का बोटाएवढी थे नीट पाह्यून सांग, अन फोटो टाक उजेडात काढून. काळी दांडी म्हणजे एरियलचीच कॉइल हाय थे. पोरीले सांग वायर ओढू नको, केसासारखी राह्यते, तुटली तं पुन्हा गुंडाळा लागन.